शिवेतलं जंगल गावाने राखायचं तर: सामूहिक वनहक्काची वाट, पहिल्या बैठकीपासून सनदेनंतरच्या गस्तीपर्यंत

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. गावाभोवतीच्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काची सनद मिळाली. पण आपल्याच जंगलातला बांबू कापून बाहेर विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडला. त्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती आलं. म्हणजे सनद घरात येऊनही दीडेक वर्ष गाव भांडत होतं. तेवढा काळ ते टिकलं, कारण ग्रामसभेत एकमताने निर्णय घ्यायची आणि अभ्यासगटात बसून कायदा समजून घ्यायची सवय त्याला सनदेच्या कितीतरी आधीपासून होती.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण बहुतेक गावं उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. कुणीतरी फॉर्म आणतं, चार जण बसून तो भरतात, तालुक्याला नेऊन देतात आणि वाट पाहत बसतात. सनद आली तरी ती सरपंचांच्या कपाटात जाते, आणि जंगल होतं तिथेच, होतं तसंच राहतं. हा लेख त्यासाठी आहे की तुमच्या गावाचं तसं होऊ नये.

हक्क कशाचा आहे, आणि कशाचा नाही

कायद्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. लोक त्याला वनहक्क कायदा म्हणतात. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, नियम २००८ मध्ये आले आणि ६ सप्टेंबर २०१२ ला त्यांत मोठी सुधारणा झाली. तुमच्या हातात नियमांची जुनी पुस्तिका असेल तर ती बाजूला ठेवा. २०१२ नंतरचीच प्रत वापरा, कारण खालच्या निम्म्याहून अधिक गोष्टी त्या सुधारणेत आहेत.

या कायद्यात तीन प्रकारचे दावे होतात. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक दावा नमुना अ वर. निस्तार (घरवापरापुरतं सरपण, लाकूड, चारा घेणं), चराई, मासेमारी, गौण वनोपज (बांबू, तेंदू, मोह, डिंक असं) अशा सामूहिक वापराच्या हक्कांचा दावा नमुना ब वर. आणि गाव परंपरेने जे जंगल वापरत आणि राखत आलं आहे, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क नमुना क वर. हा तिसरा हक्क कलम ३(१) च्या 'झ' उपखंडात आहे (इंग्रजी प्रतीत 'आय'). जंगल वाचवायचं असेल तर तुमचं काम प्रामुख्याने नमुना क शी आहे. नमुना ब सुद्धा त्याच ग्रामसभेत भरून टाका, कारण नकाशा, पुरावे, जबाब सगळे तेच लागतात. मी पाहिलेल्या कित्येक गावांनी फक्त ब भरला होता, तोही स्मशानभूमीच्या किंवा एखाद्या पाणवठ्याच्या तुकड्यापुरता, आणि त्यांना वाटत होतं आपला सामूहिक हक्क झाला.

जमिनीची मालकी मिळत नाही, हे गावाला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. जमीन वन म्हणूनच राहते. ती विकता येत नाही, वाटून घेता येत नाही, तिच्यावर कर्ज काढता येत नाही. मिळतं ते वेगळं आणि माझ्या मते अधिक मोलाचं: त्या जंगलात काय व्हावं आणि काय होऊ नये हे ठरवायचा अधिकार. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, जैवविविधता, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देतं आणि आपल्या निर्णयांचं पालन करून घेण्याचाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतल्या जंगलावरही दावा करता येतो. 'राखीव वन आहे, इथे होत नाही' असं कुणी सांगितलं तर व्याख्येचं पान उघडून दाखवा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक जोड. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हेही वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. गावालगतचा झुडपीचा पट्टा 'महसूलची पडीक' समजून दाव्यातून सोडू नका. साधं गायरान मात्र या कायद्यात येत नाही, त्याची वाट वेगळी.

पायरी १: आधी गाव बसू द्या

कागदाला हात लावण्याआधी दोन-तीन महिने फक्त बसा. आठवड्यातून एक संध्याकाळ, समाजमंदिरात, गोटुलात (गोंड गावाचं सभाघर) नाहीतर झाडाखाली. कायद्याचं एक कलम वाचायचं आणि त्यावर बोलायचं. वाचणारा शिकलेला पोरगा असला तरी बोलायला म्हाताऱ्यांना लावायचं. 'आपल्या जंगलात वीस वर्षांपूर्वी काय होतं जे आज नाही?' एवढा एक प्रश्न टाकला तरी तीन संध्याकाळी पुरतो. चारोळीची झाडं कुठे होती, कोणता झरा मेमध्येही वाहायचा, वणवा कधीपासून दरवर्षी लागू लागला, हे सगळं तेव्हा बाहेर येतं. ते लिहून ठेवा. पुढे पुरावा म्हणूनही ते कामाला येतं.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ती त्यांच्या वेळेने. कंदमुळं, रानभाज्या, सरपण, मोह, डिंक यांच्या जागा त्यांच्या पायाखालच्या असतात. मिसळलेल्या बैठकीत त्या मागे बसतात आणि पुरुष बोलत राहतात. नकाशा अर्धवट राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

गावात ज्यांचं जंगलात अतिक्रमण आहे, ज्यांची लाकडाची गाडी रात्री जाते, ज्यांच्या शेळ्या जास्त आहेत, त्यांना बैठकीबाहेर ठेवू नका. त्यांची भीती खरी असते. तिचं उत्तर आत्ताच शोधलं नाही तर दाव्याच्या ऐन वेळी ते गाव फोडतात.

पायरी २: कोणती ग्रामसभा, किती माणसं, कोणती समिती

इथली ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची १५ ऑगस्टची सभा नव्हे. ग्रामपंचायतीत चार गावं आणि सहा पाडे असतील, तर जो पाडा किंवा टोला स्वतःचं गाव म्हणून नांदतो आणि स्वतःचं जंगल वापरतो त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. कायद्याच्या 'गाव' या व्याख्येत पेसाखालच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) वस्त्याही येतात. माझा आग्रह लहान ग्रामसभेचा आहे. सात किलोमीटरवरच्या गावातला माणूस तुमच्या टेकडीवर गस्त घालायला येणार नाही.

पहिली सभा ग्रामपंचायतीने बोलवायची असते. त्या सभेत वनहक्क समिती निवडा: किमान १०, जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांपैकी दोन तृतीयांश तरी अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश तरी स्त्रिया. गावात अनुसूचित जमातीची वस्ती नसेल तर स्त्रियांची एक तृतीयांशाची अट तेवढी राहते. अध्यक्ष आणि सचिव समितीनेच आपल्यातून निवडायचे. अनेक ठिकाणी ग्रामसेवकालाच सचिव करून टाकतात, ते नियमात बसत नाही.

गणपूर्ती नीट पाहा. गावच्या एकूण प्रौढ सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात. दाव्यावर ठराव करताना दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे हजर हवेत. मतदारयादी शेजारी ठेवून सह्या आणि अंगठे घ्या, आणि आकडा इतिवृत्तात अक्षरी व अंकी लिहा. दावा परत येतो तेव्हा सगळ्यात आधी बोट इथेच ठेवलं जातं.

पायरी ३: कागद मागून घ्या

नकाशांसाठी तालुक्याला हेलपाटे घालण्याआधी नियम ६ वाचा. उपविभागीय स्तरीय समितीने (ग्रामसभेनंतर दावा तपासणारी, प्रांतांच्या अध्यक्षतेखालची समिती) ग्रामसभेला वन आणि महसुलाचे नकाशे व मतदारयादी द्यायची आहे. ते तिचं काम आहे, उपकार नाही. नियम १२ प्रमाणे ग्रामसभेने लेखी मागणी केली की संबंधित कार्यालयाने साक्षांकित प्रत द्यायची आणि ती समजावूनही सांगायची. म्हणून समितीच्या लेटरहेडवर तीन अर्ज एकाच दिवशी द्या: प्रांत कार्यालयाला, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला. तिन्हींची पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

मागायचं काय? गावनकाशा, सातबारा आणि निस्तार पत्रक (विदर्भात ते असतंच, आणि त्यात गावाने कुठून काय घ्यायचं हे नोंदलेलं असतं). वनविभागाकडून कक्ष क्रमांकासह (कक्ष म्हणजे वनविभागाने पाडलेला जंगलाचा तुकडा) बीटचा नकाशा आणि कार्य आयोजनेतली (वनविभागाचा जंगलाचा आराखडा) तुमच्या कक्षांची पानं. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचनालयात मिळतं. त्यात तुमच्या डोंगराचा, देवाचा, बाजाराचा एखादा उल्लेख सापडला तरी फोटो काढून ठेवा.

पायरी ४: शिवफेरी

सगळ्या कामात जीव लावायचा तो इथे. दावा म्हणजे शेवटी एक रेघ आहे, आणि ती रेघ पायांनी मारायची असते.

दिवस निवडताना फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा धरा. पानगळ झालेली असते, लांबचं दिसतं, नाले उतरता येतात. मोह वेचायला लोक अजून निघालेले नसतात आणि तेंदू तर मे महिन्यात. पावसाळ्यात गवत माणसाच्या उंचीचं असतं, खुणेचा दगड सापडत नाही.

निघण्याआधी एक दिवस मोठा कागद पसरून किंवा अंगणात रांगोळी आणि खड्यांनी जंगलाचा नकाशा काढा. देवाची जागा, झरे, बोडी (लहान तळं), बैल बसायची सावली, बांबूच्या रांजी (बेटं), हिरड्याची नाहीतर मोहाची झाडी, जुनी ओसाड पडलेली गावठाणं. प्रत्येक जागेचं गावातलं नाव लिहा. वनविभागाच्या नकाशात 'कक्ष ४१२' असतो, तुमच्या तोंडी त्याच जागेला तीन नावं असतात. दोन्ही एकमेकांसमोर लिहिली की पुढे अधिकाऱ्यांशी बोलणं सोपं जातं.

मग चालायला लागा. म्हातारे पुढे, तरुण मागे, सोबत पाणी आणि भाकरी. प्रत्येक वळणावर थांबून विचारायचं की ही शीव इथेच का. उत्तर सहसा ठोस मिळतं: पलीकडच्या नाल्यातले मासे त्या गावचे, इथून अलीकडे आमची गुरं, या दगडाला दोन्ही गावं नारळ फोडतात, या कड्याखाली आमचं स्मशान. तेच वाक्य, सांगणाऱ्याच्या नावासह, वहीत. मोबाईलमधलं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, त्यामुळे प्रत्येक खुणेवर एक बिंदू घ्या आणि त्या खुणेचा माणसासकट फोटो काढा. नुसत्या दगडाचा फोटो कुठलाही असू शकतो.

पाच-सहाशे हेक्टरचं जंगल असेल तर एका दिवसात होत नाही. तीन दिवस लागू द्या. घाईत टेबलावर मारलेली रेघ मी ओळखू शकतो: ती सरळ असते. गावाची खरी शीव ओढ्यासारखी वळत जाते.

शेजारच्या गावाला आधीच बोलवा, आणि जिथे शीव लागते तिथे त्यांच्या समितीसोबत उभं राहून ती ठरवा. दोन्ही गावं एकच जंगल वापरत असतील तर भांडत बसू नका, तो भाग सामायिक म्हणून दोन्ही दाव्यांत दाखवता येतो. ठरलं ते दोन्ही ग्रामसभांच्या ठरावात जसंच्या तसं घ्या. नाहीच जमलं, तर प्रश्न उपविभागीय समितीकडे जातो. तिथे गेलेली शीव परत यायला फार वेळ लागतो, म्हणून एखादा नाला सोडावा लागला तरी सोडा असं मी सांगेन.

गावाची फेरी झाली की औपचारिक स्थळपडताळणी. तिची तारीख वन आणि महसूल विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नियम १२अ सांगतो की त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून, नाव-हुद्दा-तारीख आणि शेरा लिहून सही करायची आहे. ते आले नाहीत म्हणून काम थांबवू नका. पुढे त्यांनी 'आम्ही नव्हतो' अशी हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीसाठी एकदा परत येऊ शकतो. त्या वेळीही ते आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ती पोच म्हणूनच सोन्याची.

पायरी ५: पुरावे

दोन पुरावे पुरतात. नियमाची मागणी एवढीच आहे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट कुणालाही धरता येत नाही. उपग्रहाचं चित्र जोडीला चालतं, पण दुसऱ्या पुराव्यांऐवजी नाही. म्हणजे 'उपग्रह नकाशात दिसत नाही' एवढ्या कारणावर दावा पडत नाही.

तरी मी दोनावर थांबत नाही. निस्तार पत्रक किंवा कार्य आयोजनेचं पान हा एक. देवराई, जुनी विहीर, दगडी बांध, स्मशान यांचे जागेवरचे फोटो हा दुसरा. आणि वडीलधाऱ्यांचे जबाब, ज्यांना मी सगळ्यात जास्त वेळ देतो. जबाब लिहिताना त्यांच्याच बोलीत लिहा. 'सदर वनक्षेत्राचा वापर पूर्वापार करीत आहोत' असं एकच वाक्य पंधरा जबाबांत आलं की वाचणाऱ्याला कळतं हे एकाने लिहून बाकीच्यांचे अंगठे घेतलेत. त्याऐवजी आजोबांनी आपल्या लग्नाच्या मांडवाची मेढ कोणत्या नाल्यावरून आणली, दुष्काळात कोणते कंद खाल्ले, कोणत्या वर्षी वाघाने बैल कुठे मारला, हे येऊ द्या. ज्याचा वैयक्तिक दावा त्याच भागात आहे त्याचा जबाब टाळा.

आदिवासी नसलेल्या गावांना वैयक्तिक दाव्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. सामूहिक दाव्यातही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून गावाचं जुनेपण नीट मांडा. मंदिराचा शिलालेख, शाळेचं जुनं रजिस्टर, जनगणनेतली गावाची नोंद, काहीही.

पायरी ६: ठराव आणि फाइल

समितीने आपला अहवाल ग्रामसभेपुढे वाचून दाखवायचा, नकाशा भिंतीवर लावायचा, हरकती विचारायच्या आणि मग ठराव. ठरावात एकूण क्षेत्र, कक्ष क्रमांक, चारी दिशांच्या खुणा गावातल्या नावांसह आणि ज्यांच्याशी शीव ठरली त्या गावांची नावं येऊ द्या. फॉर्म मोफत मिळायला हवेत, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

फाइलच्या तीन प्रती करा. एक उपविभागीय समितीला, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक गावाबाहेर कुणा विश्वासू माणसाकडे. प्रत्येक पानावर क्रमांक टाका आणि किती पानं दिली ते पोचेवर लिहून घ्या. एका गावाची शंभरेक पानांची फाइल तालुक्याच्या एका कार्यालयात गहाळ झाली. गावाकडे झेरॉक्स नव्हती आणि दोन जबाब देणारे म्हातारे तोवर वारले होते. तेव्हापासून मी तिसऱ्या प्रतीशिवाय फाइल जाऊ देत नाही.

पायरी ७: वरच्या दोन समित्या

उपविभागीय समितीचे अध्यक्ष प्रांत असतात, जिल्हा समितीचे जिल्हाधिकारी. दाव्यात काही अपुरं वाटलं तर समितीने तो परस्पर फेटाळायचा किंवा क्षेत्र कापायचं नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. नकाराची कारणं लेखी द्यायला लागतात आणि ती कळल्यापासून ६० दिवसांत वर दाद मागता येते. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्धही विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाता येतं. ही सोय महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२० मध्ये काढलेल्या अधिसूचनेने झाली.

काहीच उत्तर आलं नाही तर? बहुतेकांचं हेच दुखणं आहे. दर महिन्याला एक स्मरणपत्र, मागच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख घालून. आणि नियम १२ब दाखवा: वननिवासी असलेल्या सगळ्या गावांचे सामूहिक वनसंपत्तीचे हक्क मान्य होतील हे पाहणं ही जिल्हा समितीचीच जबाबदारी आहे, आणि एखाद्या गावाचा झाला नसेल तर कारण नोंदवायचं आहे. पत्र घेऊन जाताना एकटा कार्यकर्ता जाऊ नये. पाच जण जा, त्यांत दोन बाया. दर वेळी वेगळे पाच.

सनद हातात आली की लगेच वाचा

फोटो काढून हार घालण्याआधी चार गोष्टी पाहा. नाव ग्रामसभेचं आहे ना, की वनविभागाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं घातलंय? क्षेत्र दाव्याएवढं आहे ना? कक्ष क्रमांक सगळे आलेत ना? हक्क 'झ' खाली व्यवस्थापनाचा आहे, की फक्त वनोपज गोळा करण्याचा? जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाचे अधिकारी अशा तिघांच्या सह्या हव्यात. चूक दिसली तर त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्ती मागा. सहा महिन्यांनी मागितली तर 'तेव्हा तुम्ही स्वीकारली होती' असं ऐकावं लागतं.

शेवटचा नकाशा तयार झाला की हक्कांची नोंद महसूल आणि वन अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. ती झाली का हे तलाठ्याकडून आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी घ्या. उद्या त्या टेकडीवर खाण किंवा रस्ता आला तर ही नोंद आणि ग्रामसभेचं जिवंत इतिवृत्त हेच गावाच्या बाजूने बोलणार. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतरच्या, राज्य सरकारच्या टप्प्यावर ढकललं. त्यामुळे ज्या गावाचा हक्क नोंदलेला नाही त्याला आपलं म्हणणं मांडायला आता आणखी कमी वेळ मिळतो.

आता राखायचं

नियम ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभा आपल्यातूनच एक समिती नेमते, तिला जंगलाची समिती म्हणा. संरक्षण, व्यवस्थापन आराखडा आणि वाहतूक परवाने ही तिची कामं, पण तिच्यावर मुखत्यारी ग्रामसभेची. जुन्या वनहक्क समितीतलेच लोक पुन्हा घ्यायची गरज नाही. फाइल करणारे आणि पहाटे उठून गस्तीला जाणारे लोक बऱ्याचदा वेगळे असतात.

आराखडा म्हणून जाडजूड पुस्तक करू नका. दोन पानं पुरतात: कुठे कुऱ्हाडबंदी, कुठे चराईबंदी आणि किती वर्षं, सरपण कुठून, कुठला भाग अजिबात हात न लावता ठेवायचा. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टरवर हक्क मिळाला. तिथल्या लोकांनी जंगलाचा एक भाग देवराईसारखा राखून ठेवला, आणि तेंदूची तोड बंद केली, कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. तेंदूचे पैसे सोडणं गरीब गावाला सोपं नसतं. त्यांनी ती भर बांबूतून काढली. अमरावतीच्या पायविहीरने १९३ हेक्टरच्या उजाड माळावर झाडी आणली आणि आज तिथली सीताफळं विकली जातात. तुमच्या गावाचं उत्तर तिसरंच असेल. पण प्रश्न तोच विचारा: कुठलं उत्पन्न जंगल खातंय, आणि त्याऐवजी काय?

दंड लहान ठेवा आणि सगळ्यांना सारखा लावा. पहिला दंड गावातल्या मोठ्या घराकडून वसूल झाला की नियम बसला समजा, आणि तो तिथेच माफ झाला तर पुढचे सगळे नियम कागदावर.

वणव्याचं वेळापत्रक वेगळं लिहा. होळीच्या आधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करायच्या, फेब्रुवारी ते मे रोज दोन घरांची पाळी. पाळीवर असलेल्यांना ग्रामसभेच्या निधीतून मजुरी द्या. फुकटची गस्त पहिल्या वर्षी उत्साहात चालते, दुसऱ्या वर्षी निम्मी होते.

बांबू कापताना पहिल्या वर्षाच्या कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, पावसाळ्यात नवे कोंब येत असताना रांजीत शिरायचं नाही, आणि एकाच रांजीत दरवर्षी परत जायचं नाही. जंगलाचे तीन भाग करून फिरत्या पाळीने कापा. कापल्यावर जमिनीलगतचं बुडखं एका पेरावर ठेवा, त्याखाली खोदू नका.

गौण वनोपजावर स्वामित्वधन किंवा शुल्क लागत नाही, आणि वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा व्यक्ती देऊ शकते. परवान्याच्या पुस्तकावर क्रमांक छापून घ्या, स्थळप्रत फाडू नका. तेंदूचा व्यवहार करत असाल तर करार ग्रामसभेत वाचून मगच सही, आणि माल उचलण्याआधी किमान अर्धी रक्कम खात्यात. उधारीवर गेलेल्या पानाचे पैसे वसूल करताना गावं दोन-दोन वर्षं थकतात.

ग्रामसभेचं स्वतःचं बँक खातं आणि पॅन काढा, खात्यावर तीन सह्या, त्यांत एक बाईची. दर महिन्याच्या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचायचा आणि शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायचा: बांबू किती गेला, मजुरी किती दिली, शिल्लक किती. पुढच्या महिन्यात तो पुसून नवा लिहितात, म्हणून पुसण्याआधी त्याचा फोटो काढून पेटीत ठेवा.